माळावरचा वारा आणि ग्रामसभेचा ठराव

(निपाणी भागातील शेतकरी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्हाला भाषणाची सवय नाही. बँकेच्या काउंटरमागे वीस वर्षे काढलेली माणसे आम्ही. समोरच्याचा कागद बघायचा, सही जुळते का पाहायची आणि शिक्का मारायचा, एवढेच आमचे काम. आज इथे उभे राहिलो तेही एका कागदामुळेच.

दिवाळीनंतरची गोष्ट. आमच्या पाहुण्यांपैकी एक वयस्कर गृहस्थ काउंटरवर आले. त्यांना कर्ज नको होते, ठेवही मोडायची नव्हती. पिशवीतून अकरा पानांचा एक कागद काढला आणि म्हणाले, "ह्यो जरा बघा की वो. सही मागत्यात." कागद कन्नडमध्ये, मधली काही पाने इंग्रजीत. माळावरची त्यांची दोन एकर जमीन पवनचक्कीसाठी भाड्याने देण्याचा तो करार होता. एजंटाने त्यांना सांगितले होते, "मामा, माळच हाय तो. हुलग्याबिगर काय पिकतंय तिथं?" पाहुणे कन्नड बोलतात, बाजारात घासाघीस करतात, पण त्यांना ते वाचता येत नाही. मराठी चौथीपर्यंत शिकलेले. म्हणजे ज्या कागदावर सही करायची त्यातला एकही शब्द त्यांना वाचता येत नव्हता.

आम्ही जेवणाच्या सुट्टीत तो कागद वाचून काढला. मुदत तीस वर्षे, पुढे वाढवायची की नाही हे कंपनी ठरवणार. भाडे ठरावीक, दर काही वर्षांनी वाढेल असे कुठे नाही. कंपनीला हा हक्क कोणालाही विकता येईल, गहाणही टाकता येईल. आणि तीस वर्षांनी तो लोखंडी मनोरा आणि जमिनीत ओतलेले शेकडो टन काँक्रीट कोणी काढायचे, याबद्दल अकरा पानांत एक ओळही नव्हती.

आम्ही म्हणालो, "तात्या, सही करू नका असं आमचं म्हणणं नाही. आधी हा कागद मराठीत लिहून मागा." ते म्हणाले, "आसं मागितल्यालं चालतंय व्हय?"

त्यांच्या या प्रश्नाचे उत्तर द्यायला आम्ही आज आलो आहोत.

सुरुवातीलाच एक सांगून टाकतो. आम्ही पवनचक्कीच्या विरोधात नाही. आपल्याला वीज हवी आहे, आणि धूर न काढणारी वीज असेल तर त्यात वाईट काय आहे? काही जण म्हणतात पवनचक्की ढग पळवते, पाऊस घालवते. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या दुष्काळात सातारा-सांगलीकडेही हीच हाकाटी झाली होती. त्याला शास्त्राचा आधार नाही. कृपा करून हा मुद्दा ग्रामसभेत मांडू नका, कारण तेवढ्या एका वाक्यावर साहेब लोक हसतात आणि आपल्या बाकीच्या खऱ्या मुद्द्यांचाही निकाल लावतात. आणखी एक गैरसमज आहे. चक्की आपल्या माळावर आली म्हणजे आपल्या पंपाला वीज जास्त मिळेल, असे बऱ्याच जणांना वाटते. तसे होत नाही. वीज वाहिन्यांतून थेट ग्रीडमध्ये जाते. हेस्कॉमचे वेळापत्रक आहे तेच राहते.

आता हा विषय आजच का, ते सांगतो. २०२४-२५ या आर्थिक वर्षात देशात सर्वांत जास्त नवी पवनऊर्जा कर्नाटकात उभी राहिली, १३३१ मेगावॅट. त्याच वर्षी देशाची एकूण पवनऊर्जा क्षमता ५० हजार मेगावॅटच्या पुढे गेली. यल्लम्माच्या डोंगराला जाताना सौंदत्तीच्या बाजूला फिरणारी पाती आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. उत्तरेला सांगली जिल्ह्यात ढालगाव, कवठेमहांकाळकडेही चक्क्या उभ्या आहेत. आपण या दोन्हींच्या मधे आहोत. चांगल्या वाऱ्याच्या जागा एकेक करून भरत चालल्या, आणि आता मनोरे उंच झाल्यामुळे पूर्वी सोडून दिलेले माळही कंपन्यांच्या हिशेबात बसू लागले आहेत. वाऱ्याचे एक गणित आहे. वेग दुप्पट झाला तर त्यातली शक्ती आठपट होते. म्हणून मनोरा जितका वर जाईल तितका फायदा. तुमच्या माळावर एखादा बारीक उंच खांब, त्याला ताण दिलेल्या तारा आणि टोकाला भिरभिरणाऱ्या वाट्या दिसल्या, तर समजा कोणीतरी वारा मोजतो आहे. एजंट येतो त्यानंतर.

पवनचक्की म्हणजे काय हे आपल्या भागाला पहिल्यांदा कळले ते सातारा जिल्ह्यामुळे. पाटणजवळचे वनकुसवडे पठार, चाळकेवाडी, सडावाघापूर. १९९० च्या दशकाच्या अखेरीस तिथे चक्क्या उभ्या राहू लागल्या. वारा बारमाही, लोकवस्ती विरळ, जमीन स्वस्त. आपल्या जमिनीचे मोल काय होणार आहे हे तिथल्या शेतकऱ्याला माहीत नव्हते, घेणाऱ्याला माहीत होते. पुढे श्रमिक मुक्ती दलाने तिथे आणि सांगलीकडे पवनचक्की-ग्रस्तांचा प्रश्न हाती घेतला, मोर्चे काढले. धुळे जिल्ह्यात साक्रीच्या बाजूला वनजमिनींवरून आदिवासींनी लढा दिला. हे सगळे झाले चक्क्या उभ्या राहिल्यानंतर. आपल्या बहुतेक गावांत अजून एकही पाया खणलेला नाही, म्हणून आपण आधी बोलू शकतो.

चाळकेवाडीच्या पठाराची एक गंमत सांगतो. बेंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी तिथे सरडे आणि पक्षी मोजले आणि २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. चक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट कमी, आणि खाणारे कमी झाल्यामुळे सरडे वाढलेले. आता सरडे वाढले तर आपले काय बिघडले, असे कोणी म्हणेल. पण ससाणा-घार कमी झाल्यावर उंदीर-घुशींचे काय होते हे कापणीला आलेल्या शाळूच्या मालकाला विचारा. त्या अभ्यासात उंदीर मोजले नव्हते, हे प्रामाणिकपणे सांगतो. ही आमची शंका आहे.

कायद्याचे काय? इथे बहुतेकांची फसगत होते. एवढे मोठे यंत्र गावात येते म्हणजे सरकारने तपासले असेल, जनसुनावणी झाली असेल, असे आपण धरून चालतो. धरण, खाण, मोठे कारखाने यांना २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे आधी मंजुरी घ्यावी लागते आणि त्यातल्या पुष्कळांना जनसुनावणीही असते. त्या यादीत पवनचक्की नाही. वनजमीन लागली तर केंद्राची वेगळी परवानगी लागते. खाजगी माळाला तेही नाही. म्हणजे रिंगरोडच्या वेळी निदान अधिसूचना तरी निघाली, आपण रांगा लावून हरकती दाखल केल्या. हलगा-मच्छे बायपासला शेतकरी वर्षानुवर्षे झगडले, तेही नोटिसा हातात होत्या म्हणून. इथे नोटीसच नाही. एक एजंट येतो, एकेका घरी जातो, आणि सहा महिन्यांनी कळते की माळाचा निम्मा भाग बांधला गेला आहे.

केंद्राच्या नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने २०१६ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यातली दोन अंतरे पाठ करून ठेवा. आवाजाचा त्रास होऊ नये म्हणून राहत्या घरापासून ५०० मीटरच्या आत चक्की नको. आणि रस्ता, रेल्वे, इमारती, सार्वजनिक संस्था यांच्यापासून मनोऱ्याची उंची, अधिक पात्यांच्या वर्तुळाचा अर्धा व्यास, अधिक पाच मीटर एवढे अंतर हवे. १४० मीटरचा मनोरा आणि १२० मीटरचे वर्तुळ धरा. १४० अधिक ६० अधिक ५, म्हणजे २०५ मीटर. चक्की आडवी झाली तरी रस्त्यावर पडू नये, असा त्याचा सरळ अर्थ.

पण ५०० मीटरचा आकडा बघा. चक्की लहान असो की मोठी, अंतर तेवढेच. डेन्मार्कमध्ये घरापासून अंतर चक्कीच्या एकूण उंचीच्या चौपट ठेवतात. वर सांगितलेल्या चक्कीचे पाते वर गेले की एकूण उंची २०० मीटर होते, म्हणजे तिथे ८०० मीटर. जर्मनीतल्या बव्हेरिया प्रांताने २०१४ मध्ये दहापट केले होते, म्हणजे दोन किलोमीटर. त्यामुळे तिथे नव्या चक्क्या जवळपास थांबल्या आणि पुढे नियम सैल करावा लागला. आम्हाला बव्हेरियासारखे करायचे नाही. पण आपली गावे काही एका चौकोनात वसलेली नाहीत. वस्त्या रानात आहेत. मळ्यात घर बांधून राहणारी कुटुंबे आहेत, धनगरवाडे आहेत. मोजायला येणारा माणूस गावठाणापासून टेप धरतो आणि मळ्यातले घर त्याच्या नकाशात नसते. सकाळ-संध्याकाळ पात्यांची सावली अंगणातून फिरत राहते ती याच घरांच्या. म्हणून अंतर मोजायचे ते शेवटच्या राहत्या घरापासून, मग ते कोणत्याही सर्व्हे नंबरात असो. ठरावातला हा आमचा पहिला आग्रह.

आता आमच्या धंद्यातले थोडे बोलतो. आम्ही वाणिज्य शाखेचे, त्यामुळे घसारा या शब्दावर आमचे प्रेम आहे. १९९० च्या दशकात पवनचक्कीवर पहिल्याच वर्षी १०० टक्के घसारा मिळत असे. नंतर तो ८० टक्के झाला, २०१२ मध्ये बंद केला, २०१४ मध्ये परत आणला आणि २०१७ पासून ४० टक्क्यांवर आला. याचा अर्थ असा की ज्याचा साखरेचा, कापडाचा किंवा औषधांचा धंदा जोरात आहे, त्याने पाच कोटींची चक्की घेतली की त्याचा मोठा नफा करातून सुटायचा. मार्चअखेर जवळ आली की चक्क्या घेण्याची घाई व्हायची ती त्यामुळे. वाईट काही नाही, सरकारनेच दिलेली सवलत. पण गावाच्या दृष्टीने परिणाम असा की चक्कीचा मालक एक, बांधणारा दुसरा, देखभाल करणारा तिसरा, आणि सवलत संपल्यावर मालक चक्की विकून मोकळा. भाडे थकले तर शेतकऱ्याने कोणाच्या दारात जायचे? म्हणून करारात असे हवे की हक्क कोणालाही विका, पण भाडे, भरपाई आणि चक्की काढून नेण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर बांधील राहील, आणि विकल्याची लेखी खबर शेतकऱ्याला आणि पंचायतीला मिळेल.

भाड्याचा हिशेब काउंटरवरच्या पद्धतीने करू. दोन मेगावॅटची चक्की वर्षभर पूर्ण ताकदीने फिरत नाही. चतुर्थांश धरा. ५०० किलोवॅट गुणिले वर्षाचे ८७६० तास, म्हणजे ४३ लाख ८० हजार युनिट. युनिटला तीन रुपये धरले तर १ कोटी ३१ लाख ४० हजार. हा दर आम्ही हिशेबाच्या सोयीसाठी धरला आहे, प्रत्येक प्रकल्पाचा करार वेगळा असतो. यातला एक टक्का म्हणजे १ लाख ३१ हजार रुपये दर वर्षी. आता तुमच्या कागदातले भाडे याच्याशी ताडून पाहा. आम्ही एक टक्काच मागा असे म्हणत नाही. भाडे विजेच्या उत्पन्नाशी जोडून मागा, एवढेच म्हणतो. डेन्मार्कने २००८ च्या कायद्याने तर चक्कीपासून साडेचार किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना मालकीतला किमान २० टक्के हिस्सा विकत घेण्याची संधी देणे कंपन्यांना बंधनकारक केले होते. निपाणीकरांना हा विषय नवा नाही. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शेतकरी महामार्गावर बसले आणि ६ एप्रिलला गोळीबारात माणसे गेली. पीक आपले आणि भाव सांगणारा दुसरा, हाच तेव्हाचा तंटा होता. वारा तर आपण पिकवतही नाही, त्यामुळे त्याचा भाव विचारायला आपल्याला संकोच वाटतो. विचारा.

जुन्या घराण्यांना एक गोष्ट खास सांगायची आहे. इथे बसलेल्या निम्म्या लोकांचा उतारा अजून आजोबांच्या नावावर असेल. वाटण्या तोंडी झाल्या, बांध पडले, कागद तसाच राहिला. एक भाऊ गावात, एक पुण्यात, चुलते लालबागला, आत्या गडहिंग्लजला. एजंटाला गावातला भाऊ पुरतो. पण सहहिस्सेदाराला आपल्या हिश्श्यापुरताच व्यवहार करता येतो. मुलींचा हिस्साही विसरू नका. कर्नाटकात १९९४ पासूनच आणि देशभर २००५ च्या दुरुस्तीने मुलगी वडिलोपार्जित मिळकतीत सहदायाद आहे. एका भावाने घाईत सही केली की तीस वर्षांचा करार आणि तीस वर्षांचा भाऊबंदकीचा दावा एकाच दिवशी घरात येतात. बँकेत हे आम्ही रोज बघतो. उताऱ्याच्या अकराव्या रकान्यात सोसायटीचा बोजा असतो, आणि घरच्यांना तो फेडून झाल्यासारखा वाटतो. आधी वारसा लावा, बोजा कमी करून घ्या, मग एजंटाला चहा पाजा.

एक वर्षावरचा भाडेपट्टा नोंदणी केल्याशिवाय चालत नाही हेही ध्यानात ठेवा. साध्या स्टॅम्पवर, चहाच्या टपरीवर केलेली सही म्हणजे तुमच्या हातात काही नाही. आणि कायमचे खरेदीखत मागत असतील तर दुप्पट सावध. २०२० पर्यंत कर्नाटकात बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेता येत नव्हती. त्या वर्षीच्या दुरुस्तीने ७९अ आणि ७९ब ही कलमे गेली आणि तो बांध फुटला.

मग पंचायत काय करू शकते? १९९३ च्या कर्नाटक पंचायत राज कायद्यात इमारत बांधायला, कारखाना आणि यंत्रे उभारायला पंचायतीची परवानगी सांगितली आहे. शेतसारा नसलेल्या जमिनीवर आणि इमारतींवर कर बसवण्याचा अधिकारही तिला आहे. ग्रामसभा सहा महिन्यांतून एकदा तरी भरलीच पाहिजे. ठरावाने सगळे थांबते असे आम्ही सांगणार नाही. प्रकल्पाची मंजुरी बेंगळुरात होते. पण ठराव नसेल तर कोर्टात किंवा जिल्हाधिकाऱ्यांपुढे दाखवायला आपल्याकडे काहीच नसते. पीडीओने एकट्याने दिलेला ना-हरकत दाखला हाच मग गावाचा आवाज ठरतो.

नियम नसले म्हणजे मोकळीक मिळते असेही नाही. नियमाच्या जागी माणसे येऊन बसतात. बीड जिल्ह्यात केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे ९ डिसेंबर २०२४ रोजी अपहरण करून खून झाला. तपास यंत्रणेने दोषारोपपत्रात या खुनाचा धागा पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या दोन कोटींच्या खंडणीशी जोडला आहे. खटला कोर्टात आहे, त्यावर आम्ही अधिक बोलणार नाही. पण पहारेकरी कोणाचे, टिप्पर कोणाचे, मुरूम कोणाचा, हे प्रश्न ग्रामसभेत उघड सुटले नाहीत तर ते कुठेतरी दुसरीकडे सुटतात. आपल्याकडेही अशी माणसे आहेत आणि ती दोन्ही भाषा बोलतात.

आता तात्यांचा प्रश्न. मराठीत मागितलेले चालते का? करार हा दोन पक्षांतला व्यवहार आहे. तुम्हाला समजेल अशा भाषेतली प्रत मिळाल्याशिवाय सही न करणे हा तुमचा हक्क आहे, त्याला कोणाची परवानगी लागत नाही. सरकारी बाजूचे म्हणाल तर राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाने राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडता येते. भाषिक अल्पसंख्याकांची वस्ती १५ ते २० टक्के असेल तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत प्रसिद्ध कराव्यात, हे केंद्र सरकारने १९५६ मध्येच मान्य केले आहे. ते किती पाळले जाते हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. तरी एक व्यवहाराची सूचना. ठराव मराठीत करा आणि सोबत कन्नड प्रत जोडा. आपला कन्नड शेतकरी शेजारीही त्याच माळावर गुरे चारतो. त्याच्याकडेही तोच एजंट इंग्रजी पाने घेऊन गेला आहे, आणि ती त्यालाही वाचता आलेली नाहीत.

ठरावाचा मसुदा आम्ही काही मित्रांनी मिळून तयार केला आहे. अंतर शेवटच्या राहत्या घरापासून. गायरानाला आणि पाणंदीला हात नाही. जड वाहनांनी रस्ता मोडला तर दुरुस्ती पावसाळ्याआधी. चक्की काढून नेण्याच्या खर्चाची रक्कम सुरुवातीलाच बँकेत ठेव म्हणून, पंचायत आणि शेतकरी यांच्या नावे. हे कलम आमच्या धंद्याचे म्हणून जरा जास्त काळजीने लिहिले आहे. विजेच्या मनोऱ्यांसाठी आणि तारांसाठी जमीन जाणाऱ्यांचे नाव पहिल्या नकाशातच यावे, कारण चक्की एकाच्या रानात आणि तार दहा जणांच्या रानावरून, असे होते. त्या दहांना भाडे नसते. यावर वकिलांचे मत घ्यायचे राहिले आहे. त्यात बदल होतील.

मसुद्याच्या प्रती मागच्या टेबलावर ठेवल्या आहेत, मराठी आणि कन्नड दोन्ही. प्रत्येक गावाने एक न्यावी, आणि पुढच्या ग्रामसभेची तारीख पंचायतीत विचारून तिथल्या वहीत लिहून ठेवावी. उतारा घेऊन आलेल्यांनी थांबावे, आम्ही संध्याकाळपर्यंत इथेच आहोत. तात्याही मागे बसले आहेत. त्यांचा कागद अजून बिनसहीचाच आहे. लालबागच्या भावाला आणि गडहिंग्लजच्या बहिणीला त्यांनी पुढच्या आठवड्यात बोलावले आहे.